संशयाचे ऋण

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) नास्तिक होते. तरीही श्रद्धावंतांनी ते अवश्य वाचावेत, असे आम्हांस वाटते. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणून छापलेले त्यांचे दीर्घ पत्र पाहा. शिवरायांविषयीचा आदर तिळमात्र न ढळता ते आख्यायिकांना पुरावा मागतात. मात्र शंकेने आरंभलेला त्यांचा युक्तिवाद निष्कर्षापाशी फार ठाम होतो, हा दोष आम्हांस जाणवतो. अशा ठामपणाचे मोल मराठवाडा जाणतो. दख्खनचे पठार स्थिर आहे, ही शास्त्राची खात्री ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत कोसळली. त्यास ‘देवाचा कोप’ म्हणणे हा तितकाच ठाम, परंतु अधिक निर्दय निष्कर्ष होय. प्रेषित थोमाने शंका घेतली. आठ दिवसांनी तो सोबत्यांतच होता. शंकेसह माणसांत राहावे, हे कुरुंदकर वाचताना पुन्हा उमगते.