पौगंडावस्थेतील मधुमेह प्रतिबंध आणि वर्गातील आरोग्यशिक्षण : ‘हेल्दी’ अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना :
टाइप-२ मधुमेह हा पूर्वी प्रौढांचा आजार समजला जाई. आता तो पौगंडावस्थेतही आढळतो. २०१६-१८ मधील समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात भारतातील १० ते १९ वयोगटातील सुमारे १० टक्के मुलामुलींमध्ये मधुमेहपूर्व स्थिती दिसून आली. यावर ‘शाळेत आरोग्याचे पाठ द्या’ हा उपाय प्रथम सुचविला जातो. या उपायाची मर्यादा तपासण्यासाठी अमेरिकेतील ‘हेल्दी’ या अभ्यासाचा येथे परामर्श घेतला आहे.

अभ्यासाचे स्वरूप व निष्कर्ष :
२००६ ते २००९ या काळात ४२ शाळांमधील विद्यार्थ्यांचा सहावी ते आठवीपर्यंत मागोवा घेण्यात आला. प्रायोगिक शाळांत चार घटक एकत्र राबविले गेले : उपाहारगृहातील आहारात बदल, शारीरिक शिक्षणाच्या तासिकांत सुधारणा, सवयींविषयीचे वर्गपाठ आणि प्रचार मोहीम. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अतिवजन व स्थूलता यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत घटले. गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. कंबरेचा घेर, उपाशीपोटीचे इन्सुलिन आदी दुय्यम निकषांवर मात्र प्रायोगिक शाळा सरस ठरल्या.

चिकित्सा :
या अभ्यासाला अपयशी म्हणणे घाईचे ठरेल, कारण इन्सुलिनचे प्रमाण मधुमेहाच्या प्रक्रियेशी वजनापेक्षा अधिक निकटचे आहे. परंतु मुख्य निकषावर फरक नसताना दुय्यम निकषांचा आधार जपूनच घ्यावा लागतो. शिवाय येथे जोखमीचे घटक मोजले गेले. मधुमेह टळला की नाही, हे तीन वर्षांत ठरू शकत नाही. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा, की चारही घटक एकत्र असल्याने जे साध्य झाले त्याचे श्रेय एकट्या वर्गपाठास देता येत नाही.

आपल्याकडे नेमका हाच घटक सुटा उचलला जाण्याचा धोका आहे. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. शाळेपासून ५० मीटरच्या आत अतिसाखर, अतिमीठ व अतिस्निग्ध पदार्थांच्या विक्रीस मनाई करणारे नियम २०२० पासून आहेत. भिंतीवर फलक लावणे सोपे. फाटकाबाहेरची विक्री थांबविणे कठीण. फलक लागला आणि खेळाची तासिका गणिताला दिली गेली, तर आजाराची जबाबदारी अकरा वर्षांच्या मुलावरच येते. स्थूल मुलाच्या वाट्याला मग ज्ञानाऐवजी लाज येते.

समारोप :
वर्गातील आरोग्यशिक्षण आवश्यक आहे, पण ते स्वयंपूर्ण नाही. अध्यापक महाविद्यालयांनी आरोग्यपाठाचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेबरोबरच शाळेचे वेळापत्रक व उपाहारगृहही तपासावे. पाठात जे सांगितले ते आचरण्याची सोय शाळेत नसेल, तर त्या पाठाचे गुण शाळेलाच कमी मिळावयास हवेत.