पाठ असलेले नंबर

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाला बेसिक ही संगणकाची भाषा शिकवावी लागत नसे. जुन्या बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे आणि शहाणी माणसे ते 1, 2, 3 असे न देता 10, 20, 30 असे देत. मधल्या नऊ जागा मागाहून येणाऱ्या मंडळींसाठी!

ही भाषा 1964 साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी काढली. तेव्हा समोर टेलिटाइपचा कागद. त्यावर उमटून गेलेल्या ओळीत मागे जाऊन बोट घालणार कसे? म्हणून हे नंबर. 25 लिहून पुढे मजकूर टाइप केला की ती ओळ मुकाट्याने 20 आणि 30 च्या मध्ये जाऊन बसे. नुसता 25 टाइप केला की तितक्याच मुकाट्याने उठून जाई. इतके गुणी प्रवासी एसटीने अजून पाहिलेले नाहीत.

पण पाहुणे हे वाढायचेच. नऊ जागा भरल्या की दहाव्याचे अंथरूण गॅलरीत. म्हणजे 'गोटू 900' असे लिहून मजकूर लांब नेऊन ठेवायचा आणि काम झाले की 'गोटू 30' म्हणून परत यायचे. हे गोटू प्रकरण घातक आहे, असे डाइक्स्ट्रा या डच पंडिताने 1968 सालीच बजावले होते. पण गॅलरीत झोपणाऱ्याला वास्तुशास्त्र सांगून काय उपयोग?

यावर उतारा म्हणजे रिनंबर ही आज्ञा. कमोडोर 64 वाल्यांच्या नशिबी ती नव्हती, बीबीसी मायक्रोवर होती. एक शब्द टाइप केला की साऱ्या ओळी पुन्हा 10, 20, 30. शिवाय गोटूच्या पुढचे नंबरही आपोआप बदललेले. घर बदलल्यावर सगळ्या नातेवाइकांना स्वतः पत्रे टाकणारा भाडेकरूच म्हणा ना!

मग तक्रार कसली? सांगतो.

1984 साली सरकारच्या 'क्लास' योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो आले, त्यात आमचीही शाळा होती. गणिताच्या सरांनी निकालाचा प्रोग्राम रचला होता. पाचवीचा हिशेब ओळ 5000 पासून, सहावीचा 6000 पासून, सातवीचा 7000 पासून. आणि वर एकच ओळ : इयत्तेला हजाराने गुणा आणि तिकडे जा. मला ते विस्कळीत वाटले. सर चहाला गेले असताना मी रिनंबर केले, सगळे कसे शिस्तीत आले, आणि त्याच कॅसेटवर त्याच नावाने ठेवूनही दिले.

सर आले. त्यांनी इयत्ता 5 दिली. यंत्राने इंग्रजीत बजावले, अशी ओळच नाही.

रिनंबरची खोड ही. समोर लिहिलेला नंबर तो बदलतो. गुणाकारातून येणारा नंबर त्याला दिसत नाही, आणि आपल्याला दिसला नाही हेही तो सांगत नाही. सरांनी 'रेम' लिहून स्वतःसाठी टिपा केल्या होत्या, 'सातवीसाठी 7000 पाहा' अशा. त्यांनाही त्याने हात लावला नाही. त्याच्या लेखी नंबर म्हणजे नुसती रांग. सरांच्या लेखी तो पत्ता होता.

सर रागावले नाहीत. वहीतून त्यांनी एकेक ओळ वाचली, मी टाइप केली. सात वाजता पाचवी उभी राहिली, नऊ वाजता सातवी. निघताना एवढेच म्हणाले, "वाकडे होते रे, पण मला पाठ होते."

आता ओळींना कोणी नंबर देत नाही, कामांना नावे देतात. ते बरेच झाले. तरीही दुसऱ्याचे टेबल आवरायची लहर आली की माझा हात मध्येच थांबतो. आधी विचारतो, "यातले तुम्हाला काय पाठ आहे?"