कच्चथीवू : बेट, बांध आणि आपण

समुद्राच्या हद्दीचा विषय सातारा-सांगलीत कशाला, असं कुणाला वाटेल. पण मार्च १९७६ मध्ये भारत आणि श्रीलंका यांच्यात सागरी सीमेचा दुसरा करार झाला, तेव्हा देशाचे परराष्ट्रमंत्री होते देवराष्ट्रेत जन्मलेले, कराडचे यशवंतराव चव्हाण. त्यांची जयंती आपण दरवर्षी करतो. मग या कराराकडेही आपण डोळे उघडून बघायला हवं.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कच्चथीवू अचानक गाजलं. 'बेट देऊन टाकलं' एवढं एक वाक्य प्रचाराला पुरलं. बेट आहे सुमारे २८५ एकरांचं, प्यायला गोडं पाणी नाही, वस्ती नाही. दोन्ही देश त्यावर हक्क सांगत होते. १९७४ च्या करारानं ते श्रीलंकेकडे गेलं. त्यामागे सत्तेचं गणित होतं. १९७१ मध्ये पाकिस्तानची विमानं कोलंबोत इंधन भरून पूर्वेकडे जात होती. असा शेजारी आपल्या बाजूला असावा, ही दिल्लीची गरज होती. आणि १९७६ मध्ये कन्याकुमारीच्या दक्षिणेची, मासळीनं भरलेली वाडज बँक भारताच्या हक्काची ठरली. घोषणा देणारे हे सांगत नाहीत.

पण म्हणून कराराचं नुसतं कौतुक करून भागत नाही. १९७६ च्या पत्रव्यवहारानं आपल्या मच्छीमारांना श्रीलंकेच्या पाण्यात विनापरवाना मासेमारी बंद झाली. तेव्हा आणीबाणी होती. तामिळनाडूतलं निवडून आलेलं सरकार ३१ जानेवारीलाच बरखास्त झालं होतं. ज्यांच्या रोजीरोटीवरून रेघ ओढली, त्यांच्या वतीनं बोलायला विधानसभाच नव्हती. यशवंतरावांना मानणाऱ्या आपण सगळ्यांनी हा प्रश्न टाळता कामा नये.

आपल्याकडे बांधाचं भांडण कसं चालतं? हातभर जमिनीसाठी भावकी दोन पिढ्या कोर्टात जाते, आणि विहिरीचं पाणी कुणी किती घ्यायचं हे तसंच राहतं. इथंही तेच झालंय. उद्या बेट परत मिळालं, तरी भांडण मिटेल का? तामिळनाडूचे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत जातात. पलीकडे जाफनाचा मच्छीमार २००९ मध्ये युद्ध संपल्यावर कुठं पुन्हा उभा राहू लागला; त्याची जाळी या ट्रॉलरमुळे फाटतात. तोही तमिळच. श्रीलंकेनं २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्यानं बंदी घातली. आपले लोक पकडले जातात, बोटी जप्त होतात, आणि प्रत्येक अटकेनंतर बेटाचीच घोषणा होते. ट्रॉलर सोडून दुसऱ्या मासेमारीकडे वळायला पैसा कुठून येणार, यावर सभा गाजत नाहीत.

अलमट्टीची उंची वाढवायची म्हटलं की सांगली काय म्हणते? २००५ आणि २०१९ चा महापूर आम्ही सोसलाय, आधी आम्हाला विचारा. रामेश्वरमचा मच्छीमार यापेक्षा वेगळं काही मागत नाही.