लढाईचे छायाचित्र आणि त्यामागील अक्षर

सांगली-सातारा भागात गेल्या काही वर्षांत कौटुंबिक स्मरणिका आणि घराण्यांचे छोटे इतिहास पुष्कळ निघू लागले आहेत. त्यांतील बहुतेकांत एखाद्या पानावर खाकी वेषातील एक तरुण हटकून भेटतो. खाली ओळ असते: दुसऱ्या महायुद्धात अमुक ठिकाणी लढताना. चित्र आणि ओळ यांचा सांधा कोणी तपासत नाही. छायाचित्र म्हणजे साक्षात पुरावा, अशी एक भाबडी समजूत या प्रकाशनांच्या मुळाशी आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की, विद्यापीठीय प्रबंधांतही ती आता शिरू पाहत आहे. प्रस्तुत लेखकाचे मत याहून वेगळे आहे. पायदळातील सामान्य शिपायाच्या चरित्रापुरते पाहिले तर चित्र फार थोडे सांगते. चित्राभोवतीचे शब्द पुष्कळ सांगतात. पाठीवरील अक्षर, घरातला वाक्प्रयोग आणि सरकारी नोंदीतील नाव हे ते शब्द होत. म्हणून हा प्रश्न मुख्यत्वे पाठचिकित्सेचा आहे आणि भाषेच्या अभ्यासकाला तो आपला म्हणता येतो.

विवेचनासाठी एकच उदाहरण घेतो. कुपवाड येथील आमच्या घरी एक छायाचित्र आहे. खुर्चीवर बसलेले गृहस्थ आमच्या आजोबांचे धाकटे बंधू. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून दुसरा एक शिपाई उभा आहे. मागे रंगविलेल्या पडद्यावर कमान आणि वेल, पायाखाली सतरंजी. बसलेल्याच्या बाहीवर दोन फिती आहेत, म्हणजे तो नाईक. उभ्याच्या बाहीवर एकही नाही. उभ्या माणसाचे नाव घरात कोणाला ठाऊक नाही. घराण्याच्या स्मरणिकेत हेच चित्र ‘इटलीत लढताना’ या शब्दांसह छापले गेले आहे, आणि छापताना उभा माणूस कात्रीने वगळला आहे.

वेलबुट्टीच्या पडद्यासमोर कोणी लढत नाही, हे सांगावयास शास्त्राची गरज नाही. पण वेषाचा पुरावादेखील वाटतो तितका सरळ नसतो. त्या काळच्या अनेक स्टुडिओंतील काचपट्टिकांवर तांबडा रंग काळा उमटे आणि निळा फिकट उमटे. चौथ्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह काळ्यावर तांबडा गरुड, पाचव्या डिव्हिजनचे काळ्यावर तांबडे वर्तुळ. अशा पट्टिकेवर दोन्ही चिन्हे एकच काळा चौकोन होऊन बसतात. इटली स्टारच्या फितीत तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे पट्टे असतात. त्यांतील तांबडा आणि हिरवा कृष्णधवल चित्रात वेगळे ओळखणे कठीण. जे डोळ्यांना दिसते त्याचा रंग मनाने भरून घेण्याची चूक म्हणून सहज घडते. आमच्या चित्रात खांद्यावर चिन्ह नाही, छातीवर फीतही नाही. यावरून चित्र युद्धावर निघण्यापूर्वीचे असावे असा तर्क होतो, पण तो तर्कच. त्याला आधार मिळतो तो चित्र उलटे केल्यावर.

पाठीवर दोन ओळी आहेत. एक शिसपेन्सिलीची, पुसट: ‘बेळगांव पलटणींत असतांना काढविला. लढाईवर जाण्याआधीं.’ दुसरी शाईची, ठसठशीत: ‘मु. कुपवाड, जि. सांगली. इटलीत लढताना, १९४४.’ हस्ताक्षरे उघडच भिन्न आहेत. आता लेखनपद्धती पाहावी. पेन्सिलीच्या ओळीत ‘गांव’, ‘पलटणींत’, ‘असतांना’, ‘आधीं’ हे सर्व अनुस्वार जागच्या जागी आहेत. लिहिणारा जुन्या शाळेत नीट शिकलेला होता. शाईच्या ओळीत ‘लढताना’वरचा अनुस्वार गळालेला आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले हे सर्वश्रुत आहे. एवढ्यावरून काळ ठरविणे मात्र धाडसाचे होईल, कारण कमी शिकलेले हात पूर्वीही अनुस्वार गाळीत आणि जुनी माणसे पुढेही ते देत राहिली. निर्णायक आहे तो ‘जि. सांगली’ हा उल्लेख. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा शाईची ओळ युद्धसमाप्तीनंतर किमान पंधरा वर्षांनी लिहिलेली आहे. आणि जी ओळ स्मरणिकेने उचलली ती नेमकी हीच. पेन्सिलीची ओळ छापली असती तर कोणाची मान खाली गेली असती, असे नाही.

दोन ओळींत आणखी एक फरक आहे आणि तो मला अधिक बोलका वाटतो. पहिली ओळ ‘पलटणींत’ म्हणते. दुसरी स्थळ सांगते, क्रिया सांगते, साल सांगते. कोणाच्या सैन्यात, हे सांगत नाही. ज्या वर्षांत हा तरुण पलटणीत होता, त्याच वर्षांत, १९४३ ते १९४६ या काळात, नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार सातारा जिल्ह्यातील गावांत न्यायनिवाडे करीत होते. स्वातंत्र्यानंतर या मुलखात कोणाची आठवण उंच स्वरात सांगायची आणि कोणाची हळू, हे ठरून गेले होते. शाईच्या ओळीतील ते मौन या संदर्भात वाचले पाहिजे. स्मरणिकाकारांनी ते शौर्याने भरून काढले.

आता घरातील वाक्प्रयोगाकडे वळू. हे गृहस्थ ‘जंगी पलटणीत’ होते असे घरातील वृद्ध स्त्रिया सांगत. पुढच्या पिढीने हे ‘जंगी सभा’, ‘जंगी स्वागत’ यांतले विशेषण मानले आणि स्मरणिकेत ‘मराठ्यांच्या भव्य पलटणीत’ असे भाषांतरच करून टाकले. वस्तुतः ‘जंगी पलटण’ हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे रूढ नाव आहे, जसे दुसरीचे ‘काली पंचविन’. घरातला प्रयोग विशेषणाचा की नावाचा, हे ठरवावयाचे कसे? येथे व्याकरण साहाय्याला येते. त्या स्त्रिया पुष्कळदा ‘तो जंगीत होता’ असेही म्हणत. ‘जंगी’ हे केवळ विशेषण असते तर त्याला सप्तमीचा ‘त’ प्रत्यय असा परस्पर लागला नसता. ‘भव्यत होता’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे बोलणाऱ्यांच्या मनात ते नाम होते, आणि तेही विशेषनाम. निरक्षर स्त्रियांच्या तोंडी टिकलेल्या एका प्रत्ययाने जे सांगितले, ते चित्रातील एकाही खुणेने सांगितले नव्हते.

या निष्कर्षाचे महत्त्व कोणाला क्षुल्लक वाटू नये. ‘मराठा पलटणीत होता’ एवढ्याने सैनिकाचे युद्ध कळत नाही. दुसरी बटालियन १९४२ च्या जूनमध्ये तोब्रुक पडले तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. चौथी १९४४ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशाच्या सीमेवर सांगशाक येथे जपान्यांशी झुंजत होती. तिसरी इटलीत होती. तिच्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिली बटालियनही इटलीत, पण आठव्या डिव्हिजनबरोबर; तिच्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळविला. इटली हे एकच नाव घेतले तरी दोन बटालियनांची दोन निरनिराळी युद्धे होतात. पाठीवरील ‘बेळगांव’ याही बाबतीत उपयोगी नाही. रेजिमेंटचे शिक्षणकेंद्र १९२२ पासून तेथे असल्याने, पुढे कोठल्याही बटालियनमध्ये जाणारा रंगरूट प्रथम बेळगावलाच कवायत शिके. तोब्रुक, सांगशाक, सेनिओ यांतून आमच्या गृहस्थांसाठी एक वाट निवडता आली ती केवळ ‘जंगीत’ या रूपामुळे. त्या वाटेवर त्यांनी काय केले, हा पुढचा शोध बेळगावच्या दप्तरात घ्यावयाचा आहे. घाडगे-जाधवांच्या पराक्रमाची प्रशस्तिपत्रे आपल्या माणसाच्या अंगावर शाल म्हणून पांघरण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. तो अनेक स्मरणिकांना टाळता आलेला नाही.

उरला तो उभा शिपाई. घरातील वाक्प्रयोग असा की, ‘तो तिकडंच राहिला’. ‘राहिला’ या क्रियापदाचा अर्थ येथे संदिग्ध नाही. आमच्याकडे परमुलखी मेलेल्याविषयी असेच बोलतात. मात्र त्याच्यासाठी ‘जंगी’ हा शब्द कोणी वापरल्याचे ऐकिवात नाही. तो त्याच बटालियनमध्ये होता हे केवळ शेजारी उभे राहण्यावरून ठरत नाही; बेळगावच्या स्टुडिओत दोन बटालियनांना जाणारे दोन मित्र एकत्र उभे राहू शकतात. इटलीत मृत्यू पावलेल्या आणि अग्निसंस्कार झालेल्या भारतीय सैनिकांसाठी सांग्रो नदीकाठच्या युद्धस्मशानात स्मारक आहे. त्यावर पाचशेहून अधिक नावे आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांत कित्येकदा पित्याचे नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. पण ती नावे रोमन लिपीत आहेत. तेथे ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल यांचा भेद पुसला जातो, ऱ्हस्वदीर्घाचा नियम राहत नाही, आणि लिहिणारा कारकून बहुधा मराठी नसे. शिवाय आजच्या सांगली जिल्ह्यातील गावे त्या नोंदींत सातारा जिल्ह्याखाली असू शकतात, तशीच सांगली, मिरज, जत या तत्कालीन संस्थानांच्या नावाखालीही असू शकतात. एका रोमन नावातून तीन-चार मराठी आडनावे सहज निघतात.

त्यांतले एखादे पंचक्रोशीतील आडनावाशी जुळले की ते या चेहऱ्याखाली लिहून मोकळे व्हावे, असे घरातील तरुण मंडळींना वाटते. तशी दोन नावे त्यांनी सुचविलीही आहेत. दोन्ही मला अमान्य आहेत. कारण एकाही नावाला या छायाचित्राशी बांधणारा शब्द, घरातला वा कागदावरचा, आढळलेला नाही. ज्या कुटुंबाचा तो मुलगा होता, त्या कुटुंबात कदाचित याच चित्राची दुसरी प्रत असेल आणि तिच्या पाठीवर आमच्या आजोबांचा बंधू हाच ‘कोणी एक’ असेल. तूर्त एवढे केले आहे की, नव्या आवृत्तीत चित्र न कापता छापावे, त्याखाली पेन्सिलीची ओळ जशीच्या तशी अनुस्वारांसह द्यावी, शाईची ओळ तिच्या काळाच्या निर्देशासह वेगळी द्यावी आणि उभ्या माणसाखालची जागा कोरी सोडावी, असे संपादकांना लेखी कळविले आहे.