प्लिनीचं लोखंड आणि कोनासमुद्रमची मूस

"रोमन सैनिकांच्या तलवारी आपल्या तेलंगणाच्या पोलादाच्या होत्या." हैदराबादेत कुठल्याही वारसाफेरीला जा, हे वाक्य हमखास कानावर येतं. ऐकायला छान वाटतं, पण पुराव्यापुढे टिकत नाही.

सगळा भार प्लिनीवर. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला हा रोमन लेखक आपल्या निसर्गेतिहासाच्या ३४व्या खंडात 'सेरिक' लोखंडाला पहिला क्रमांक देतो, पार्थियन लोखंडाला दुसरा. सेरेस लोक ते कापड आणि कातड्यांबरोबर पाठवतात, म्हणतो. आता रोमनांच्या लेखी सेरेस म्हणजे रेशीमवाले, चीन-मध्य आशियाकडचे. काही अभ्यासकांनी सेरेसचे 'चेर' करून पाहिले. बरं, मानलं, तरी चेरांचा मुलूख केरळाकडचा, तेलंगणाचा नव्हे!

त्यापेक्षा पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ कामाचा. हिंदी लोखंड आणि पोलाद तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर उतरत असे, अशी स्पष्ट नोंद त्यात आहे. पण माल निघतो 'अरियाके'च्या आतल्या भागातून, म्हणजे साधारण गुजरात-कोकणाच्या पाठीमागच्या मुलखातून. कोंडापूरला (हायटेक सिटीजवळचं नव्हे, संगारेड्डीकडचं सातवाहन ठाणं) रोमन नाणी सापडली, हे खरं. त्यावरून व्यापारी संबंध दिसतो. कुठला माल गेला, ते नाणं सांगत नाही.

शिवाय रोमन लोहार लोखंड वितळवत नसे. भट्टीतला सच्छिद्र गोळा ठोकून ठोकून तो मळी काढी, आणि चांगल्या तलवारीला अनेकदा पोलादाची धार जोडून घेई. वितळलेल्या पोलादाची विद्या वेगळी, आणि आपल्याकडे तिचा भक्कम पुरावा आहे, पण तो फार नंतरचा. निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला १८२०च्या सुमारास हेन्री व्हॉयसी हा सर्वेक्षण खात्यातला डॉक्टर-भूगर्भतज्ज्ञ गेला. दोन प्रकारचं लोखंड एकत्र करून मातीच्या बंद मुशीत भरायचं, रात्रंदिवस भाते चालवायचे, हे त्याने पाहून लिहिलं. ते टिपण १८३२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं.

प्लिनी आणि व्हॉयसी यांच्यात साडेसतराशे वर्षांचं अंतर आहे. वारसाफेरीत ते एका वाक्यात उडी मारून पार होतं, आणि मूस घडवणारा कारागीर मात्र त्या वाक्यात कुठेच येत नाही. व्हॉयसीच्या टिपणात तो आहे, आणि पोलाद विकत घ्यायला थेट इस्फहानहून येऊन बसलेला इराणी व्यापारीसुद्धा आहे.