'बुधन' : परक्याच्या गोष्टीतली आपली जबानी

अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी १९९८ साली उभे केलेले 'बुधन' हे नाटक त्यांच्या वस्तीत घडत नाही. पश्चिम बंगालमधील पुरुलियाचा बुधन शबर त्याच वर्षी अटकेत असताना मरण पावला. त्याची ही कहाणी. पण १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू झालेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का शबरांवर बसला, तसाच छारांवरही. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय राहिला. म्हणून परक्याची गोष्ट सांगताना ही मुले स्वतःचीच जबानी देतात.

सर्वांत अस्वस्थ करते ती पोलिसाची भूमिका. ज्या वस्तीने पोलिसांचा धाक सोसला, तिथल्याच पोराने ती दरडावणी करायची! सत्ता कशी बोलते हे त्याला पाठ आहे. नाटकात ते ज्ञान पुरावा होते.

शेवटी प्रेक्षकांना केलेले थेट आवाहन नाट्यदृष्ट्या ढोबळ वाटते. आधीच्या प्रसंगांनी ते सांगून झालेले असते. तरी ते गाळा, असे म्हणवत नाही. तरुणांना 'व्यक्त व्हा' सांगणारे उपक्रम पुष्कळ आहेत. इथे मुले व्यक्त होऊन थांबत नाहीत, समोरच्याकडे उत्तर मागतात. हक्काची जाणीव म्हणतात ती हीच.