चपलेचा माग कुठून काढायचा?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल दाखवली. कोल्हापूरचे नाव न घेतल्याने गदारोळ झाला, कंपनीने मूळ मान्य केले आणि जुलैत तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. त्या दिवसांत कारागिरांच्या मुलाखतींना तोटा नव्हता. पण जागतिकीकरण माणसांच्या रोजच्या जगण्यात कसे शिरते, हे त्यांतून फारसे हाती लागले नाही. तेवढ्यासाठी मुक्काम ठोकावा लागतो.

मुक्कामाची ही शिस्त मानवशास्त्रात मालिनोव्स्कीने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहून घालून दिली : लोकांची भाषा शिकायची, त्यांच्यात राहायचे आणि पाहिलेले रोज टिपायचे. १९९५ मध्ये जॉर्ज मार्कसने तिच्यापुढे रास्त पेच ठेवला. माल, माणसे आणि वाद देशोदेशी फिरत असताना अभ्यासकाने एकाच गावात किती बसावे? वस्तूच्या मागोमाग जावे, हा त्याचा सल्ला पुढे फार चालला. मला त्यातला धोका मोठा वाटतो. चार शहरांत थोडे थोडे दिवस काढले की चारही ठिकाणची दर्शनी बाजूच दिसते. मायकेल बुरावॉय आणि त्याच्या विद्यार्थ्यांचे ‘ग्लोबल एथ्नोग्राफी’ (२०००) मला अधिक पटते. एका जागी मुरायचे आणि तिथल्या माणसांना बाहेरून ओढणारे धागे शोधायचे, ही त्याची रीत.

कोल्हापुरात असे मुरून झालेले काम आहे. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ वेरोनिक बेनेई इथल्या प्राथमिक शाळांत बसल्या. प्रार्थना, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत म्हणणारी मुले कशी उभी राहतात, त्यांचा आवाज कुठे चढतो, हे त्यांनी पाहिले आणि त्यावर ‘स्कूलिंग पॅशन्स’ (२००८) उभे राहिले. प्रश्नावलीत हे सापडले नसते. आपल्याकडे मात्र अजूनही पुष्कळदा प्रश्नावली भरून आणणे म्हणजेच फील्डवर्क समजले जाते.

चपलेपुरते बोलायचे तर दुकानापासून माग काढणारा बहुधा निम्मी गोष्ट गमावतो. काउंटरवर भाव, निर्यात आणि ब्रँड कळतो. पण पट्ट्यावरची वेणी घालायचे काम बहुतेक घरातल्या बायकांकडे असते. चामड्याच्या बारीक वाद्या ओल्या करायच्या, एकीवर एक ओढून बसवायच्या. मधेच चुलीकडे जायचे आणि पुन्हा येऊन धरायच्या. हे काम घरकामात मिसळलेले असल्याने ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला ‘घरीच असते’ असे उत्तर येऊ शकते, आणि रकान्यात ‘गृहिणी’ लिहिले जाते. शेजारी बसून राहिलेल्यालाच त्या ‘घरीच’मधली मजुरी दिसते.

माग उलट्या दिशेनेही काढला पाहिजे. बाभळीच्या साली आणि हिरड्याने कमावलेले कातडे येते कुठून? २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली आणि कातड्याचे गणित बिघडले. मिलानच्या मंचाइतकाच हा कायदाही चपलेच्या कथेत हवा. जागतिकीकरणाच्या नावाखाली परदेशाकडेच डोळे लावणारा अभ्यास तिथे चुकतो.

कोल्हापुरी चपलेचे २०१९ चे भौगोलिक मानांकनही आठ जिल्ह्यांचे आहे : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कोल्हापुरात बिऱ्हाड थाटलेल्या अभ्यासकाला आज ना उद्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची गाडी धरावी लागेल, आणि तिथे ओसरीवर बसायचे तर मराठीबरोबर कन्नडही शिकून घ्यावी लागेल.